जुन्या वास्तूंच्या आतला उजेड जलरंगात कसा आणायचा?

टिपकागद · शनिवार, सकाळी ९:१२

वाडे, देवळं, चर्च बाहेरून रंगवणारे पुष्कळ आहेत. रविवारी सकाळी पुण्यातल्या जुन्या पेठांत फिरलात तर घडीचं स्टूल टाकून बसलेली चार डोकी दिसतातच. आत शिरून रंगवणारे मात्र मोजके. बाहेर ऊन आणि सावली असा रोखठोक व्यवहार असतो. आत गेल्यावर आधी काहीच दिसत नाही, मग डोळे सरावले की हळूहळू दिसायला लागतं, आणि जे दिसतं त्यातलं बरंचसं धड ऊनही नसतं, धड सावलीही नसते. हा धागा त्या मधल्या प्रांताबद्दल. मी वास्तववादी पद्धतीने, पारदर्शक जलरंगात काम करतो, त्यामुळे बोलणं तेवढ्यापुरतंच. तैलरंगवाल्यांनी हसू नये.

पेशवाई थाटाचा कुठलाही वाडा घ्या. पुण्यातला विश्रामबाग घ्या (दुसऱ्या बाजीरावाचा, १८०७ च्या सुमाराचा), किंवा वाईजवळचा मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा घ्या. चौक, चौकाभोवती ओसरी, सागवानी खांब, महिरपी, वर तुळया आणि कडीपाट (तुळयांवर टाकलेलं फळ्यांचं छत). शिकाऊ चित्रात हमखास एक गोष्ट दिसते: चौक पांढराफटक, ओसरी काळपट आणि छत सगळ्यात काळं. वर अंधार असतो हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं ना! आता भर दुपारी ओसरीवर बसून वर बघा. ऊन चौकाच्या फरसबंदीवर पडतं, तिथून उसळतं आणि छताला खालून लागतं. चौकाकडच्या पहिल्या दोन-तीन तुळयांचे तळ चांगले तांबूस-पिवळे उजळलेले असतात. कडीपाटाच्या फळ्यांमधल्या फटी तेवढ्या काळ्या. उलट वर तोंड करून असलेले भाग, म्हणजे ओसरीची कड, तळखड्याचा (खांबाखालच्या दगडाचा) माथा, पायरीची पाठ, हे आभाळाचा उजेड घेतात आणि तो निळसर, थंड असतो. खालून येणारा ऊबदार, वरून येणारा थंड. वाड्याच्या आतलं निम्मं रंगकाम इथेच सुटतं. (ढगाळ दिवशी हे सगळं गायब होतं. तेव्हा उसळायला ऊनच नसतं आणि तुळयांचे तळ खरोखरच गडद असतात.)

दुसरी गोष्ट अंधाराची. आतल्या चित्रात कागदाचा मोठा भाग गडद किंवा मध्यम छटांचा असतो आणि चित्र मरतं ते तिथेच, खिडकीत नाही. काळ्या रंगाची ट्यूब पेटीतून फेकून द्या असं मी म्हणणार नाही, पण या कामाला ती नको. फ्रेंच अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दाट घ्यायचे, पॅलेटवर पूर्ण घोटायचे नाहीत, कागदावरच एकमेकांत शिरू द्यायचे. मग त्या गडदात कुठे निळा वर येतो, कुठे तांबूस, आणि खालचा कागद थोडा तरी झिरपत राहतो. तोच अंधार भीत भीत पाच-सहा थरांत चढवला की रंग मळतो. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, त्यामुळे ओला असताना 'जरा जास्तच झालं' असं वाटेल इतका गडद लावावा लागतो. इथे बहुतेकांचा हात कचरतो.

माझा क्रम साधारण असा: आधी हाताच्या पंजाएवढा एकरंगी आराखडा, सेपियात, फक्त चार छटांत. मग मोठ्या कागदावर रेखाटन, आणि पहिला थर संपूर्ण कागदावर, खिडक्या-दारं आणि उन्हाचे तुकडे सोडून. हा थर ओल्यात ओला, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग. ऊबदार भागात रॉ सिएना, थंड भागात कोबाल्ट ब्लूचा पातळ हात, दोन्ही एकमेकांत मिसळतील तसे मिसळू द्यायचे. तो खडखडीत वाळला की मधल्या छटांचे आकार, आणि शेवटी गडद. तीन थरांत काम झालं तर झालं.

आता तुमचं सांगा. मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राखायला लावतात आणि नंतर सोलून काढतात ते द्रव) वापरता का? पांढरा रंग? फोटोवरून करता की जागेवर?

सावनी · शनिवार, ९:४०

वाखुसा (वाचनखूण साठवली)! तुळयांच्या तळाचं वाचून आमच्या वाड्यातले (आता पाडलेला, असो) जुने फोटो काढून बघितले. खरंच की.

एक प्रश्न आहे. खिडकीतून तिरका येणारा उन्हाचा झोत असतो ना, तो मी वाळलेल्या रंगावर पातळ पांढरा मारून दाखवते. तर तो नेहमी निळसर, मेलेला येतो. पिवळं ऊन आहे असं वाटतच नाही. माझ्या पांढऱ्यात काही खोट आहे का?

खडूस काका · शनिवार, १०:०५

छत उजळलेलं असतं वगैरे पुण्याच्या चौकांत असेल. आमच्या कोकणातल्या माजघराचं छत काळंच असतं, चुलीच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या धुराने. तिथे चौक नाही, फरसबंदी नाही, उसळायला ऊन नाही. शेणाने सारवलेली जमीन आणि कौलांत बसवलेलं एक काचेचं कौल, एवढाच काय तो उजेड. ते रंगवून दाखवा.

टिपकागद · शनिवार, १०:३१

काका, मान्य. चौक नसेल तर हिशोब बदलतो. पण काचेच्या कौलातून पडलेला उन्हाचा तुकडा सारवलेल्या जमिनीवर असतो ना, त्याच्या आसपासच्या भिंतीचा खालचा हातभर भाग बघा. तिथे तो हिरवट-तपकिरी उजेड उसळलेला दिसतो. माजघरातला दिवा म्हणजे तो जमिनीवरचा तुकडा. कौल नव्हे.

@सावनी, पांढऱ्यात खोट नाही. पण कारण ओळंबा जास्त नीट सांगतील, ते येतीलच.

ओळंबा · शनिवार, ११:५०

आलो. :) मी चित्रकार नाही, स्थापत्य अभियंता आहे. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, हौसेने स्केच करतो.

सावनी, पांढऱ्या रंगाचे बारीक कण गडद पार्श्वभूमीवर पातळ पसरले की निळा उजेड जास्त विखुरतात. पांढरा म्हणून लावलेला थर त्यामुळे निळसर दिसतो. हाच गुण धुरालाही असतो. गाभाऱ्यातल्या काळोखापुढे उदबत्तीचा धूर निळा दिसतो तो याच कारणाने. तेव्हा धूर दाखवायचा असेल तर पातळ पांढरा अगदी योग्य. उन्हाच्या झोताला मात्र तो चुकीचा. झोत हवा असेल तर रंग उचलून काढा, म्हणजे खालचा ऊबदार पहिला थर उघडा पडेल. त्यासाठी पहिला थर ऊबदार असायला हवा, हे ओघाने आलंच.

झोताबद्दल आणखी. सूर्यकिरण समांतर असतात. तुम्ही बाजूने बघत असाल, म्हणजे झोत तुमच्या डावीकडून उजवीकडे जात असेल, तर चार खिडक्यांचे चार झोत चित्रात समांतरच हवेत. खिडकीपासून पंख्यासारखा रुंद होत जाणारा झोत तेव्हाच दिसतो, जेव्हा तो तुमच्या दिशेने येत असतो. एकाच चित्रात दोन खिडक्यांचे झोत दोन दिशांना फाकलेले मी प्रदर्शनात लागलेल्या चित्रांतही पाहिलेत. बघणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं.

आणि कडा. सूर्य आभाळात साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो. त्यामुळे सावलीची कड, ती पाडणाऱ्या वस्तूपासून दर मीटरला जवळपास एक सेंटिमीटर पसरते. खिडकीचा गज जमिनीपासून हातभर वर असेल तर सावली धारदार. तोच गज दहा मीटर उंचावरच्या गवाक्षाचा असेल तर त्याची सावली जवळजवळ विरघळून जाईल, फक्त मोठ्या चौकटीचा आकार उरेल, तोही मऊ. चर्च आणि चैत्यगृहात उंचावरून आलेलं ऊन धारदार कडांनी रंगवलं की ती जागा लगेच ठेंगणी वाटायला लागते. उंची दाखवायला माणसं काढण्यापेक्षा उन्हाची कड मऊ करणं जास्त उपयोगी.

काकांच्या कौलांसाठी खास: कौलांच्या फटी वेड्यावाकड्या असतात, पण जमिनीवरचे कवडसे गोल किंवा लंबगोल पडतात. ते फटीचे आकार नव्हेतच, त्या सूर्याच्या प्रतिमा आहेत. खंडग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी तेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. त्यामुळे कवडसे त्रिकोणी, चौकोनी काढू नयेत. काचेचं कौल मोठं असतं, त्याचा तुकडा मात्र चौकोनीच पडतो.

खडूस काका · शनिवार, १२:१५

ग्रहणाचं माहीत होतं. बाकीचं लिहून घेतलं.

सावनी · शनिवार, १२:२०

ओळंबा _/\_ . उचलून काढायचं म्हणजे नक्की कसं?

टिपकागद · शनिवार, १२:५८

दोन सरळ कडांचे कागद झोताच्या दोन्ही बाजूंना दाबून धरायचे. मधल्या पट्टीवरून स्वच्छ पाण्याने भिजवलेला आणि नीट पिळलेला चपटा ब्रश दोन-तीनदा ओढायचा, लगेच टिश्यूने टिपायचं. घासायचं नाही. कागदाचा तंतू सुटला तर पुढचा रंग तिथे डाग धरतो. वरचं टोक जास्त उचलायचं, खाली जाता जाता हात हलका, आणि वरच्या कागदाची कड जरा सैल सोडायची म्हणजे ओळंबा म्हणतात तशी ती मऊ होते.

पण हे सगळं रंग कुठले लावलेत त्यावर अवलंबून. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, कोबाल्ट हे बऱ्यापैकी निघतात. फ्थॅलो ब्लू, फ्थॅलो ग्रीन, अलिझरिन हे कागदात मुरतात, मग कितीही टिपा. जिथे झोत उचलायचा आहे तिथे हे तीन नकोच. अलिझरिन क्रिमसन तर एरवीही उन्हात उडतो, मी तो बंदच केला. त्याच्या जागी क्विनाक्रिडोन घराण्यातला लाल.

कागद शंभर टक्के कापसाचा, तीनशे ग्रॅमचा (दर चौरस मीटरला), कोल्ड प्रेस, म्हणजे किंचित खरखरीत. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर दुसरा थर लावताना पहिला सुटून वर येतो. बाहेरच्या दृश्याला, जिथे एक-दोन थरांत काम होतं, तो चालून जातो. आतल्या चित्राला नाही चालत. महाग पडतो हे खरं. रंगवून झालेल्या कागदाची पाठ वापरा, अर्धे-पाव तुकडे करा, पण कागदावर काटकसर नको.

मांडवीकाठ · शनिवार, १५:३०

वाड्यांवर बरंच झालं, आता थोडं गोव्याकडे. जुन्या गोव्यातली चर्च आतून रंगवताना दोन गोष्टी अंगावर येतात: चुन्याच्या भिंती आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या वेदी.

आधी भिंती. से कॅथेड्रलच्या आत उभे राहा. अख्खी वास्तू पांढरी, आणि नीट बघितलं तर पांढरं कुठेच नाही. खिडकीलगतचा भाग निळसर, जमिनीकडे उतरताना गुलाबी-तपकिरी, कमानीच्या पोटात पिवळट, दोन कमानींच्या मध्ये जांभळट राखाडी. कोरा कागद फक्त खिडकीच्या तोंडाशी. बाकी सगळीकडे पातळ रंग हवाच, नाहीतर भिंत आणि खिडकी एकाच पातळीवर येतात आणि जागेची खोलीच नाहीशी होते. माझ्या मते चुन्याची भिंत हा जलरंगाचा सर्वात मोठा पेपर आहे. लाकूड त्यामानाने सोपं.

मग सोनं. बॉम जेझूस (१६०५ साली पवित्रीकरण झालं) बाहेरून उघड्या जांभ्या दगडाचं, तांबडं-काळपट. आत पाऊल टाकलं की समोर जमिनीपासून छतापर्यंत सोनेरी वेदी. सोनेरी ट्यूबला हात लावू नका. ती कागदावर फक्त मळकट दिसते आणि फोटोत आणखी वाईट. सोनं म्हणजे रंग कमी आणि चकाकी जास्त, म्हणजे छटांमधली मोठी उडी. जिथे उजेड थेट आदळतो तिथे जवळजवळ कोरा कागद, लिंबू-पिवळ्याची नुसती चाहूल. त्याला अगदी खेटून रॉ सिएना, आणि त्याला खेटून एकदम खोल बर्न्ट अंबर. मधल्या पायऱ्या गाळल्या तरच सोनं दिसतं, सगळ्या पायऱ्या दाखवल्या की पिवळं लाकूड होतं. नक्षीचे पिळाचे खांब, देवदूत, वेलबुट्टी एकेक करून काढायला बसू नका. डोळे किलकिले करा, त्यात जे आठ-दहा चमकते तुकडे उरतील तेवढेच राखा, बाकी एका ओल्या तपकिरी हातात बुडवा.

तिसरी गोष्ट शिंपल्यांच्या खिडक्यांची. गोव्यातल्या जुन्या घरांत काचेऐवजी घासून पातळ केलेल्या शिंपल्यांचे चौकोनी तुकडे लाकडी जाळीत बसवलेले असतात. त्यातून पलीकडचं दिसत नाही, पण उजेड येतो, आणि तो विखुरलेला. म्हणजे ओळंबांनी सांगितलेले झोत, कवडसे, धारदार सावल्या यातलं तिथे काहीही नाही. खुर्चीखाली फक्त एक मऊ काळोख. अशा दालनात शिंपल्यांची संपूर्ण खिडकी एकाच ओल्या हाताने, मध्यभागी फिकट आणि कडांना किंचित मोतिया-पिवळट. वाळल्यावर जाळीच्या रेघा, पण सगळ्या नाहीत. मध्यभागी, जिथे उजेड सर्वात जास्त, तिथे लाकडाच्या पट्ट्या बारीक आणि फिकट दिसतात, उजेड त्यांना दोन्ही बाजूंनी खातो. तिथे रेघ तोडायची. कडेला ती जाड आणि गडद होते.

आणि प्रार्थनेच्या वेळा आधी विचारून घ्या. बाजूच्या भिंतीशी, जाण्यायेण्याची वाट सोडून बसा. पाण्याचं भांडं झाकणाचं ठेवा. शेकडो वर्षांच्या फरशीवर अल्ट्रामरीन सांडून कोणाचंच भलं होत नाही.

रानवाटा · शनिवार, १६:१०

+१ चुन्याच्या भिंतींना. सोन्याच्या परिच्छेदासाठी +१०.

नुसताच वाचक · शनिवार, १६:४४

मला एक सांगा, मोबाइलवर फोटो काढून घरी पंख्याखाली बसून का करू नये? डासही नाहीत, रखवालदारही नाही.

ओळंबा · शनिवार, १८:०२

करा की. फक्त फोटो काय करतो ते माहीत असू द्या. भर उन्हात एक लाख लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास उजेड असतो. वाड्याच्या आतल्या खोलीत शंभरही नसेल. म्हणजे हजारपटीचा फरक. कागदाचा पांढरा आणि जलरंगातला सर्वात गडद रंग यांच्यात फार तर तीस-चाळीसपटीचं अंतर पडतं. तेव्हा तडजोड करावीच लागते, प्रश्न ती कोणी करायची एवढाच. साधा कॅमेरा खिडकी जाळतो किंवा खोली बुडवतो. हल्लीचे मोबाइल चार-पाच फोटो एकत्र करून दोन्ही दाखवतात, आणि त्यात खोली इतकी उजळते की खिडकी हा उजेडाचा उगम आहे हेच विसरायला होतं. तुम्ही तिथे बसलात की डोळे काय करतात? ज्या कोपऱ्याकडे बघाल त्या कोपऱ्याशी जुळवून घेतात. ती निवड तुमची असते.

मी फोटो काढतो, पण खांबांची संख्या आणि नक्षीचे तपशील यांच्यासाठी. छटा जागेवरच्या पेन्सिल-स्केचवर आकड्यांत लिहून आणतो: १ म्हणजे कोरा, ५ म्हणजे सर्वात गडद. घरी बसल्यावर त्या आकड्यांवर विश्वास, फोटोवर नाही.

खडूस काका · शनिवार, १८:३०

पांढऱ्या रंगाच्या सोवळ्याबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून मीच बोलतो. धागाकर्त्यांनी विचारलंय आणि स्वतःचं उत्तर मात्र दिलेलं नाही. 'खरा जलरंग म्हणजे पांढरा वापरायचा नाही' हा दंडक कुठून आला? इंग्रज चित्रकार टर्नर कागद नखाने खरवडून उजेड काढायचा. विन्सर अँड न्यूटनने १८३४ मध्ये झिंकचा चायनीज व्हाइट बाजारात आणला आणि त्यानंतरच्या इंग्रज जलरंगकारांनी तो मनमुराद वापरला. जॉन फ्रेडरिक लुईसची कैरोच्या घरांतली चित्रं बघा. लाकडी जाळीच्या खिडकीतून आलेल्या उन्हाची नक्षी गालिचावर, माणसांच्या कपड्यांवर पसरलेली. त्यात अपारदर्शक रंग भरपूर आहे आणि ती चित्रं जगातल्या उत्तम जलरंगांत मोडतात. मग आपल्याकडेच एवढं सोवळं का?

टिपकागद · शनिवार, १९:२०

सोवळं नाही हो काका. माझं उत्तर: आतल्या चित्रात मी पांढरा शेवटच्या पाच मिनिटांत वापरतो, समईच्या कडेची चमक, खुंटीच्या टोकावरचा ठिपका एवढ्यापुरता. मोठ्या उजेडासाठी नाही, कारण पांढरा रंग पृष्ठभागावर बसतो आणि कागदाचा उजेड थराच्या खालून येतो. एकाच चित्रात दोन्ही मोठ्या प्रमाणात आले की नजर अडखळते. लुईस अडखळू देत नाही, कारण त्याच्याकडे जवळपास सगळ्याच उजळ भागात अपारदर्शक रंग आहे. म्हणजे एकतर त्याच्यासारखं पूर्ण करा, नाहीतर जवळजवळ नकोच. अर्धवट करू नका, एवढंच माझं मत.

मास्किंग फ्लुइड फक्त जाळीच्या बारीक भोकांना. त्याची कड फार कापलेली येते, आणि उन्हाळ्यात कागदावर जास्त वेळ राहिलं तर काढताना कागदाची सालं निघतात.

माजघर · शनिवार, २०:१५

कागदाचा उजेड म्हटलं की हळदणकर आठवतात. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८). म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये त्यांचं 'ग्लो ऑफ होप' आहे, हातात दिवा घेतलेली स्त्री. मॉडेल त्यांची मुलगी. अनेक जण ते रविवर्म्याचं तैलचित्र समजून फॉरवर्ड करत असतात, आहे जलरंग. ज्योतीपुढे धरलेल्या हाताच्या बोटांमधून जो तांबूस उजेड झिरपतो तो बघावा.

वास्तूचं चित्र नाही ते, पण समईच्या उजेडातला गाभारा करायचा असेल तर त्यातून शिकण्यासारखं आहे. खिडकीचा उजेड खोलीभर संथ उतरतो. दिव्याचा भराभर पडतो. अंतर दुप्पट झालं की उजेड पाव. त्यामुळे समईपासून वीतभर अंतरावर सगळ्या छटा आणि हातभरावर सरळ काळोख. गाभाऱ्याची भिंत शेवटपर्यंत सारखी उजळवली की ती ट्यूबलाइटची वाटते. (हल्ली असतेच म्हणा तिथे ट्यूबलाइट. ती कशी रंगवायची यावर वेगळा धागा काढा.)

व्हिएन्नाकर · शनिवार, २३:०५

इथे व्हिएन्नातल्या अल्बर्टिना संग्रहालयात रुडोल्फ फॉन आल्ट या चित्रकाराची (१८१२–१९०५) पुष्कळ जलरंगचित्रं आहेत, मांडणीत असली की आवर्जून जातो. सेंट स्टीफन्स कॅथेड्रल त्याने आयुष्यभर पुन्हा पुन्हा रंगवलं, आतून आणि बाहेरून. त्या काळी युरोपात घरातल्या खोल्यांची चित्रं जलरंगात काढून घ्यायची पद्धतच होती, राजवाड्यांपासून सुखवस्तू घरांपर्यंत. रशियात एदुआर्द हाऊ आणि उख्तोम्स्की यांनी हिवाळी राजवाड्याची दालनं अशीच रंगवली, आज ती कागदपत्रांइतकीच मोलाची आहेत. आल्टचं १८८५ चं माकार्ट या चित्रकाराच्या स्टुडिओचं चित्र मला सर्वात आवडतं. गालिचे, पडदे, मूर्ती, भांडी, नुसता पसारा. पण पसारा जाणवत नाही, कारण त्याने वस्तू उजेडाच्या गटांत बांधल्यात. जवळ जाऊन बघितलं की कोपऱ्यातल्या गोष्टी नुसते डाग आहेत.

आपल्याकडे वाड्यांची अशी चित्रं का झाली नाहीत, याचं वाईट वाटतं.

रानवाटा · रविवार, ७:५०

वाड्यांची नसतील, पण लेण्यांची झाली. अठराव्या शतकाच्या शेवटी पुण्यात पेशव्यांच्या दरबारी मॅलेट हा इंग्रजांचा वकील, म्हणजे राजकीय प्रतिनिधी होता, त्याच्यासाठी गंगाराम तांबट या मराठी चित्रकाराने वेरूळच्या लेण्यांची चित्रं केली. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. कॅमेरा यायच्या कितीतरी आधीची गोष्ट.

मी कार्ल्याच्या चैत्यगृहाबद्दल सांगतो, कारण उजेडाच्या दृष्टीने इतकी सोपी आणि इतकी अवघड जागा दुसरी नाही. सोपी, कारण उजेड एकाच दिशेने, समोरच्या पिंपळपानी गवाक्षातून आणि खालच्या दारांतून. तोंड पश्चिमेला, म्हणजे सकाळी आत निव्वळ आभाळाचा उजेड, शांत आणि थंड. दुपार कलली की रंग बदलत जातो. अवघड, कारण सव्वाशे फुटांच्या आसपास लांबी आणि दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब, प्रत्येकावर हत्ती-स्वार. एकसारखी गोष्ट पंधरा वेळा. बहुतेक जण पहिला खांब जितका काढतात तितकाच पंधरावा काढतात.

प्रत्यक्षात दाराशी उभं राहून आत बघताना पुढच्या खांबांना आपल्या मागून उजेड लागलेला असतो, म्हणजे आपल्याकडची बाजू उजळ. जसजसे आत जाल तसा उजेड-अंधारातला फरक कमी होतो. मी पहिल्या तीन खांबांचे शीर्षभाग नीट काढतो, पुढच्या चार-पाचांचे फक्त ढोबळ आकार, त्यापुढे नुसत्या उभ्या पट्ट्या, एकाच ओल्या हातात. बाजूच्या चिंचोळ्या मार्गिका बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीनच्या एका गडद पट्ट्यात गडप. शेवटी स्तूप पुन्हा थोडा उजळ, कारण गवाक्षाच्या समोर तोच आहे. त्यामागचे सात खांब साधे, अष्टकोनी, बिननक्षीचे. ते दिसलेच तर सावलीसारखे.

छताच्या लाकडी फासळ्या मूळच्या आहेत, दोन हजार वर्षांच्या आसपासच्या. दगड थंड राखाडी आणि सागवान तपकिरी, हा फरक वर अंधारात फार बारीक असतो, पण तो आला नाही तर छत दगडीच वाटतं. फासळ्या एकेक रेघ मारून नको. चपटा ब्रश जवळजवळ कोरडा करून कमानीच्या वळणाने ओढा, कागदाचा खरखरीतपणा बाकीचं करतो. वेरूळच्या दहाव्या लेण्यात अशाच फासळ्या आहेत, पण त्या दगडात कोरलेल्या. तिथे हा तपकिरी हात नको.

शनिवार-रविवार आणि चैत्रात तिथे जाऊ नका. एकवीरेच्या दर्शनाची गर्दी असते, ढोल असतात, आणि ते तसंच असायला हवं. चित्रकाराने आडव्या वारी यावं.

सावनी · रविवार, १०:२०

हा धागा छापून भिंतीवर लावणार आहे. पावसाळ्यात कागदाचं काय करता? माझ्या मागच्या वर्षीच्या कोऱ्या कागदांवर रंग टाकला की ठिपके ठिपके येतात.

टिपकागद · रविवार, १०:४५

दमटपणाने कागदावरचं साइझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषलं जाऊ नये म्हणून दिलेलं सरसाचं अस्तर, जागोजागी गेलंय. तिथे रंग टिपकागदासारखा आत ओढला जातो (माझं नाव उगाच नाही). ते कागद मोठ्या कामाला बाद. एकरंगी आराखड्यांना वापरा. नवीन कागद प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसकट, आडवे, भिंतीपासून लांब. आणि लागतील तेवढेच घ्या, साठा करू नका.

नुसताच वाचक · रविवार, ११:३०

पटलं. पंखा सोडून येतो. कट्टा करूया का एखाद्या वाड्यात?

टिपकागद · रविवार, १२:०८

करूया. आधी परवानगीचं विचारतो, मिळाली की इथेच वार कळवतो. वेळ मात्र साडेअकरा ते दीड. चौकात ऊन सरळ उतरलेलं असताना तुळयांचे तळ बघायचेत. नंतर ते भिंतीवर चढतं. पहिल्या दिवशी रंग आणू नका, फक्त पेन्सिल, वही आणि ओळंबांचे एक ते पाच आकडे.

खडूस काका · रविवार, १२:३०

आणि आभाळ आलं तर? तुमचा तो तांबूस-पिवळा तळ दिसणार नाही.

टिपकागद · रविवार, १२:४१

तर रंग घेऊनच बसू. ढगाळ उजेड दोन तास जागचा हलत नाही, चित्र पुरं होईल.

खडूस काका · रविवार, १२:४४

मग मी पेटी आणतोच. पांढऱ्या ट्यूबसकट.